पुढची तारीख

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये बत्तीस वर्षं
मी कागद उजेडाकडे धरले.
शाई फुटली, आकडा केसभर सरकला, रकाना कोरा राहिला
की तो ताव बाद.
म्हणून डॉक्टर खैरनारांनी मोहरीचं कार्ड पुढे केलं
तेव्हा आधी मी शिक्का पाहिला,
मग मोहरीकडे.

मोहरी नऊ वर्षांची. काळी, किडकिडीत,
जेलरोडच्या बाजारात कोथिंबिरीच्या पोत्यात सापडलेली.
गेल्या साली सगळ्या लसी एकदम टोचून घरी आलो
आणि दिवेलागणीपर्यंत तिचं तोंड
चहात बुडालेल्या पावासारखं फुगलं.
रात्रभर मी फरशीवर, हात तिच्या पाठीवर.
ती थरथरायची, मग लांबून मालगाडी जायची,
मग फरशी थरथरायची.
कुठलं कुणाचं, ते पहाटेपर्यंत कळेना.

ऋजुता फोनवर म्हणते, आई, आधी टायटर काढ.
रक्तात शिल्लक असेल तर पुन्हा कशाला भरायचं?
तू घेतेस का दरवर्षी गोवराची?
खैरनार म्हणतात, ताई, तपासणी लसीच्या चौपट महाग.
आणि आकडा कमी आला म्हणजे रक्त विसरलं असं नाही,
जास्त आला म्हणजे जन्मभराची हमी, असंही नाही.
मग मोजायचं कशाला?
ते चष्मा पुसत राहिले.
मोजण्यात हयात गेलेल्या बाईला
काय उत्तर द्यायचं.

सोसायटीचे बोरस्ते जिन्यात अडवतात:
ते टायटर-बियटर आम्हाला नका सांगू. शिक्का दाखवा.
अहो, शिक्के छापणाऱ्यांच्या शेजारी
डबा खाल्लाय मी. शिक्का ओला असतो
तेव्हा बोटानंही पुसतो.
पण हे बोलले नाही. पिशवीतल्या मेथीला
नीट बसवत राहिले.

पुढच्या पायावरचे चार बोटं केस भादरले,
रक्त काढलं, थर्मोकोलचा डबा, बर्फ,
द्वारकेच्या कुरिअरवाल्याने विचारलं, आत काय?
मी म्हटलं, आठवण.
त्याने लिहिलं: औषध.

अकरा दिवसांनी कागद आला.
गॅस्ट्रो, डिस्टेंपर: भरपूर.
रेबीज: रेषेच्या वर, चांगलंच वर.
बघ! ऋजुता ओरडली, तिच्याकडे मध्यरात्र असूनही.
मी कागद खिडकीकडे धरला. जुनी सवय.
उजेडात वावीचं अंगण दिसलं.

वावीला आत्याचा दौलत,
माझ्याहून दीड वर्षाने मोठा.
पिल्लूच होतं, ओरखडाच होता.
तिखट भरलं, कुणीतरी उतारा टाकला, झालं.
सव्वा महिन्याने आत्याने पाणी दिलं
आणि दौलतने तांब्याकडे पाहिलं.
एवढंच मी पाहिलं. मग मला
शेजारच्या खळ्यावर नेऊन ठेवलं
आणि दोन दिवस कुणी घरी बोलावलं नाही.

लेकीला हे मी कधी सांगितलं नाही.
परवाही नाही सांगितलं.
नुसतं म्हटलं, बाकीच्या राहू देत,
रेबीजची देते.
मग टेस्ट कशाला केलीस आई?
बाकीच्या राहू देता याव्यात म्हणून, म्हटलं,
आणि ते बोलल्यावर मला पटलं.

काल गेलो. एकच सुई. नंतर तासभर
खैरनारांच्या बाकावर बसून राहिलो दोघी.
दाराशी जिभल्या चाटत एक लंगडा उभा,
कानाचं टोक कापलेलं.
महापालिकेची तेवढीच पावती त्याच्याकडे,
तारीख नसलेली.
मोहरीने त्याला हुंगलं. त्यानेही.
त्यांची तपासणी त्यात उरकली.

खैरनारांनी कार्ड भरलं.
रेबीज: पुढची तारीख, पुढचं साल.
त्याखालच्या दोन रकान्यांवर पेन थांबलं.
काय लिहू, ताई?
तीन वर्षांनी बघू म्हणता ना? मग राहू द्या.
त्यांनी शिक्का मारला आणि कार्ड दिलं.

रिक्षात मी ते दोनदा उजेडाकडे धरलं.
दोन रकाने कोरे.
प्रेसमध्ये असते तर
बाद केलं असतं.